पेन्सिल ठेवून जाणाऱ्या मॅडम

कोणत्याही मुलाचं चित्र हातात घेण्याआधी त्या आपले दोन्ही हात ओढणीला पुसत. हात मळलेले असोत वा नसोत. काढणारा चार वर्षांचा असो, चित्र म्हणजे नुसत्या वेड्यावाकड्या रेघोट्या असोत, आधी हात पुसायचे, मग दोन्ही हातांनी कागद धरायचा आणि विचारायचं, "पाहू का मी?" पोरगं हो म्हणालं तरच नजर कागदावर. नाही म्हणालं तर कागद तसाच परत. देवळात प्रसाद घेतानासुद्धा आपण इतकं नीट वागत नाही, तुम्हीच सांगा.

त्या आमच्या सिंदी मेघेतल्या शाळेत चित्रकला शिकवत, आणि माझं स्टेशनरीचं दुकान त्या शाळेच्या फाटकासमोर. म्हणजे मुलं त्यांची आणि गिऱ्हाईकही तीच. त्यामुळे आमचं भांडण होणारच होतं आणि ते पहिल्याच आठवड्यात झालं.

माझ्या दुकानात दर्शनी बाजूला रंगवायची पुस्तकं टांगलेली असत. छापील हत्ती, छापील मोर, मुलांनी फक्त आत रंग भरायचा. चांगली खपत. मॅडम आल्या, स्केचपेनचा डबा घेतला आणि त्या पुस्तकांकडे बोट करून म्हणाल्या, "काकाजी, हे मांगं ठेवा नं जी. पोट्टे दुसऱ्याच्या रेघेत राहाले शिकतात."

मी म्हणालो, "मॅडम, माह्या पोटावर काऊन पाय देऊन राह्यल्या? तुमी शाळेत शिकवा, मी दुकानात विकतो."

"मी काई विकू नका म्हणलं का? मांगं ठेवा म्हणलं."

मी ठेवली नाहीत. त्या रोज येत आणि रोज तेच म्हणत, हसत हसत, जराही न चिडता. शेवटी कंटाळून मीच ती मागच्या कप्प्यात सरकवली. बाई चिडल्या असत्या तर मी कधी ऐकलं नसतं.

उंच, सावळ्या, खांद्यावर एक भलीमोठी पिशवी आणि स्कूटीच्या डिक्कीत भाजी. माहेर अल्लीपूरकडचं, भावांची भाजीपाल्याची शेती. रविवारी माहेरी जाऊन आल्या की सोमवारी डिक्कीतून वांगी, भेंडी आणि सांबाराच्या जुड्या निघत. (सांबार म्हणजे उरलेल्या महाराष्ट्राची कोथिंबीर.) त्यातली वांगी शाळेत जात. दर बाकावर एक वांगं ठेवायचं आणि मुलांनी ते काढायचं. पहिल्यांदा सगळ्या वर्गानं जांभळा खडू उचलला. वांगी होती हिरवट, पांढऱ्या पट्ट्यांची, आमच्याकडे मिळतात तशी.

"वांगं नाकासमोर ठेवलं तरी पोट्टे पुस्तकातलंच वांगं काढतात, काकाजी," त्या दुकानात येऊन सांगत होत्या. मग त्यांनी काय केलं, तर सगळ्यांना डोळे मिटायला लावले आणि वांगं हातानं चाचपायला सांगितलं. देठाचे काटे टोचले, दोनचार जण ओरडले. दुसऱ्या कागदावर एकही वांगं जांभळं नव्हतं आणि काटे तर सगळ्यांनी काढले होते. ज्यानं जे काढलं ते त्यानं घरी न्यायचं, असा नियम. त्या संध्याकाळी आमच्या वस्तीत घरोघरी भरीत झालं असेल.

त्या मुलांना कधी 'छान' म्हणत नसत. हे मला बरेच दिवस खटकत होतं. पोरगं एवढं घाम गाळून चित्र घेऊन येतं, बाई बराच वेळ पाहत राहतात आणि विचारतात, "मंग पुढं काय झालं?" मी एकदा म्हणालो, "मॅडम, एखाद्या लेकराले छान म्हणलं तर तुमचं काय जाते?"

त्या म्हणाल्या, "छान म्हणलं का पोट्टं दुकान बंद करते, काकाजी. गिऱ्हाईक खुश झालं, आता पाडा शटर."

माझ्याच धंद्याचं उदाहरण देऊन मला गप्प करायची त्यांना सवय होती.

पुढे त्यांनी माझ्या दुकानात एक दोरी बांधली. मी परवानगी दिली असं त्या सांगत, मला आठवत नाही. दोरीला कपड्यांचे चिमटे आणि चिमट्यांना चित्रं. चांगलं-वाईट निवडायचं नाही. ज्यानं आणलं त्याचं लागणार. एकदा पेन घ्यायला आलेले एक गृहस्थ एका चित्राकडे पाहून मोठ्यानं हसले. "गाईले सहा पाय?" चित्र काढणारा पहिलीतला मुलगा तिथंच उभा होता. तो शांतपणे म्हणाला, "उभी नाई ते. पळून राह्यली." गृहस्थांनी पुन्हा पाहिलं. मग पुन्हा पाहिलं. घेतलेला पेन काउंटरवरच विसरून ते निघून गेले.

हे सगळं मी मजेनं पाहत होतो, लांबून. मग ते माझ्या घरात आलं.

माझी नात गुड्डी तेव्हा दुसरीत होती. त्याआधी आमच्या घरातली एकही भिंत कोरी नव्हती. फरशीवर खडू, दुकानातल्या खोक्यांवर पेन, माझ्या पांढऱ्या पायजम्यावरसुद्धा एकदा कोंबडी निघाली. त्या वर्षीचा तान्हा पोळा आला. आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मुलांचा पोळा भरतो. चाकांवरचे लाकडी बैल सजवून मुलं मैदानात आणतात, उत्कृष्ट बैलाला बक्षीस असतं, आणि नंतर ती बैल ओढत घरोघरी बोजारा मागत फिरतात, म्हणजे खाऊ आणि सुटे पैसे. गुड्डीनं घरातला जुना लाकडी बैल घेतला आणि तेलखडूंनी त्याचं तोंड रंगवायला बसली.

माझा मुलगा प्रशांत हौशी माणूस. नोकरी शहरात, पण जीव सणावारात. त्याला राहवलं नाही. "थांब, मी जरा नीट करून देतो," म्हणत त्यानं तिचे खडू रॉकेलनं पुसले, बैलाला चकचकीत ऑइलपेंट मारला, शिंगांना बेगड, पाठीवर नागपूरहून आणलेली झूल, मागे थर्माकोलचा महाल आणि महालात दिवे. पहिला नंबर आला. फोटो निघाला. बैलाशेजारी गुड्डी उभी आहे आणि दुसरीकडेच पाहते आहे. लोकांनी विचारलं, "तुहा बैल का गं?" ती म्हणाली, "नाई. पप्पाचा हाये."

त्यानंतर तिनं काढणंच सोडलं. शाळेतून चित्राचा गृहपाठ मिळाला की वही बापासमोर ठेवायची. "मले येत नाई. पप्पाले सांगा." प्रशांतला आधी बरं वाटलं, मग त्याचाही चेहरा उतरला. भिंती पुसून झाल्या होत्या आणि नव्यानं कोणी मळवत नव्हतं. सून म्हणाली, घर स्वच्छ राहतं आता. पण तिलाही ते आवडलेलं नव्हतं. मला तर घरात कोणीतरी बोलायचं थांबल्यासारखं वाटे.

मी मॅडमना सांगितलं. मला वाटलं, त्या तिला रविवारी बोलावतील, शिकवतील. त्या म्हणाल्या, "तिले काई काढाले नका सांगू. तिच्यासमोर तुमी काढा."

"मी? मले येत नाई, मॅडम."

"आता हे कोण बोललं, काकाजी? तुमी का गुड्डी?"

मग त्यांनी मला रीत सांगितली. गुड्डी शाळेतून दुकानात येते तेव्हा काहीतरी काढत बसायचं. तिनं चूक दाखवली तर वाद घालायचा नाही. "अन् पेन्सिल तिच्या हातात द्याची नाई. ठेवाची. ठेवून तुमी उठून जाचं."

"कुठं जाऊ?"

"गिऱ्हाईक पाहा. नसंल तर पाणी प्या."

त्या हिवाळ्यात मी जितकं पाणी प्यालो तितकं मे महिन्यातही कधी पीत नाही. काढायला काय, तर वह्यांच्या गठ्ठ्यावर झोपणारं आमचं मांजर. माझ्या हातून ते कधी उशीसारखं होई, कधी पावाच्या लादीसारखं. गुड्डी शेजारी बसून बिस्कीट खाई आणि पाहत राही. बोलत नसे. मी मॅडमकडे तक्रार करी, मॅडम म्हणत, "काढा नं जी. तुमचंबी सुधरून राह्यलं."

एक दिवस गुड्डीनं विचारलं, "आबाजी, हे मांजर मेलं का?"

"झोपलं हाये."

"झोपलेल्या मांजरीले कान असतात."

मी पेन्सिल कागदावर ठेवली आणि उठलो. सुदैवानं कंपासपेटी मागायला एक मुलगा आला होता. समोर दिसत असलेली कंपासपेटी मी त्या बिचाऱ्याला बऱ्याच वेळानं शोधून दिली. परत वळलो तेव्हा मांजराला कान होते. दोन्ही ताठ. आणि मिशा. मी पुन्हा पाणी प्यायला आत गेलो, आणि या खेपेला पाणी पिणं हे निमित्त होतं. डोळे पुसायचे होते, खोटं कशाला सांगू.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी हात पुसले, "पाहू का मी?" विचारलं आणि ते मांजर पाहिलं. कोणतं कोणी काढलं, हे विचारलंच नाही.

"कान उभे काऊन याचे?"

"उंदराचा आवाज आला त्याले," गुड्डी म्हणाली.

"अन् मंग उठत काऊन नाई?"

"आळशी हाये. आबाजीसारखं."

ते मांजर दोरीला लागलं. नंतर हळूहळू खोक्यांवर पेन उमटायला लागलं. पण शाळेच्या वहीत ती अजून बापाकडूनच काढून घेई. लोक जे पाहणार ते पप्पानं करायचं, असं तिच्या मनात पक्कं बसलं होतं. आणि तान्हा पोळा पुन्हा येत होता.

त्या वर्षी मैदानात पोळा भरवणाऱ्या मंडळींनी मॅडमना परीक्षक म्हणून बोलावलं. गुड्डीनं एका संध्याकाळी अचानक सांगितलं, "औंदा बैल मी करन." प्रशांतच्या डोक्यात तोवर फिरत्या चाकाचा रथ तयार होता. तो सुट्टीच्या दिवशी दुकानात बसला होता, तेव्हा मॅडम आल्या आणि त्यानं विषय काढला. त्याची भीती खरी होती. "मॅडम, तिथं एकाहून एक बैल येतात. लोकं हासतील तिच्या बैलाले. आता कुठं पोरगी पेन्सिल धरून राह्यली. पुन्हा हिरमुसली तर?"

मॅडम म्हणाल्या, "हासतील. तुमी केलेल्या बैलाले हासले तर ती काय सांगन लोकाईले? तिनं केलेल्याले हासले तर तिच्यापाशी सांगाले काईतरी असन."

प्रशांतला ते पटलं नव्हतं. त्यानं गेल्या वर्षीचा चकचकीत बैल झूल-दिव्यांसकट एका पिशवीत भरून ठेवला. वेळ आली तर असावा म्हणून. मला त्यानं हे सांगितलं आणि मीही त्याला अडवलं नाही, कारण भीती मलाही वाटत होती.

गुड्डीचा बैल निळा होता. गडद निळा, डोळे केवढे तरी मोठे, एक कान पडलेला, आणि मागच्या पायाला माझ्या रुमालाची पट्टी बांधलेली. झूल नाही, बेगड नाही. प्रशांतनं पट्टीकडे पाहून नुसता माझ्याकडे कटाक्ष टाकला.

मैदानात तोरणाखाली बैलांची रांग लागली. एका बैलाच्या नाकातून धूर निघत होता, एकाच्या पोटातून गाणी. मॅडमनी एकच अट घातली होती. आईबापांनी मागे उभं राहायचं आणि मुलानं आपल्या बैलाबद्दल सांगायचं. त्या प्रत्येक बैलासमोर उकिडव्या बसत आणि म्हणत, "सांग मले याच्याबद्दल." मुलं मागे वळून पाहायला लागली. "पप्पाले माहीत हाये," एक म्हणाला. धुराच्या बैलाचा मालक खूप विचार करून म्हणाला, "बटण मांगं हाये, मॅडम." मागून एक आई दबक्या आवाजात उत्तरं पुरवत होती, पण पोराला ती ऐकू जात नव्हती. लोक हसत होते आणि थोडे अस्वस्थही झाले होते.

गुड्डीची पाळी आली. मागून कोणीतरी म्हणालं, "हा बैल हाये का हत्ती?" दुसरा म्हणाला, "लंगडा आणला वाटते." हशा झाला. गुड्डीनं मान खाली घातली. प्रशांतचा हात पिशवीच्या चेनवर गेला. मॅडम समोर बसलेल्या, आणि एक अक्षर बोलेनात. त्या क्षणी मला त्यांचा राग आला. एक शब्द धीराचा दिला असता तर काय बिघडलं असतं? त्या तशाच पाहत राहिल्या, घाई नसल्यासारख्या.

"हा काल पोळ्यात नाई गेलता," गुड्डी म्हणाली. आवाज अगदी बारीक. "याचा पाय दुखून राह्यला. सगळे बैल गेलते, हा एकटाच गोठ्यात होता. तिथं अंधार होता, म्हून निळा हाये."

"मंग पुढं काय झालं?"

"मंग आज मी घेऊन आली याले. लोकं पाहून भेला. हे पाहा नं डोळे. पण आला." आवाज आता मागच्या रांगेपर्यंत पोचत होता. ती पट्टी कशी बांधली, कान का पडला, रात्री तो काय खातो, हे सगळं तिनं सांगितलं. ज्यानं लंगडा म्हटलं होतं तो माणूस पुढं येऊन वाकला आणि त्यानं विचारलं, "आता बरा हाये का हा?"

"हो. हळूहळू चालते," गुड्डी म्हणाली.

प्रशांतचा हात चेनवरून कधी निघाला ते मला कळलं नाही. मी त्याच्याकडे पाहिलं तेव्हा तो पिशवी पायाशी टाकून टाचा उंचावून पोरीकडे पाहत होता. मी शेजारच्या अनोळखी माणसाला दोनदा सांगितलं, ती माझी नात आहे.

आणि तिला बक्षीस मिळालं नाही. पहिला नंबर बोरगाव मेघेच्या एका मुलीला मिळाला. तिनं काळ्या मातीचा बैल केला होता, वाटेत त्याचं शिंग मोडलं तर ते मुठीत धरून आणलं होतं. गुड्डीला त्याचं काही नव्हतं, ती केव्हाच बोजारा मागायला पळाली होती. चिडला तो प्रशांत. मॅडमना गाठून म्हणाला, "दुसरा तरी द्याचा होता, मॅडम. तुमी आमच्या बैलाचे डोळे पाह्यले का?"

"पाह्यले जी," मॅडम म्हणाल्या. "तुमीबी पाह्यले. लय झालं."

पुढच्या उन्हाळ्यात त्यांच्या यजमानांची चंद्रपूरला बदली झाली. जायच्या आदल्या दिवशी त्या दुकानात आल्या आणि दोरीखाली उभ्या राहून एकेक चित्र पाहत पार शेवटच्या चिमट्यापर्यंत गेल्या. मी म्हणालो, एखादं न्या आठवण म्हणून. त्या म्हणाल्या, "एक नेलं का बाकीच्याईनं काय केलं होतं, काकाजी?" काहीच न नेता गेल्या. भाजी तेवढी ठेवून गेल्या.

आता सोमवारी फाटकासमोर ती स्कूटी लागत नाही. नवीन सर आले आहेत, भले आहेत. मला मात्र चार वाजले की पिशवीचा तो बोजा काउंटरवर आदळेल असं अजून वाटतं आणि मी उगाच जागा मोकळी करून ठेवतो. अशा बाई आमच्या दुकानाच्या पायरीवर रोज येत होत्या, याचा मला जेवढा अभिमान आहे तेवढा माझ्या दुकानाचाही नाही.

यंदाच्या पोळ्याच्या दुपारी मी घरी होतो. फोन वाजला. मॅडमचा. भाजी-पाण्याचं, तब्येतीचं बोलून झालं आणि त्यांनी विचारलं, "गुड्डी काय करून राह्यली जी?"

मी ओसरीकडे पाहिलं. "बैल रंगवून राह्यली. औंदा लाल."

"अन् प्रशांतभाऊ?"

प्रशांत तिच्यासमोर मांडी घालून बसला होता. बैल हलू नये म्हणून त्यानं तो दोन्ही हातांनी खालून धरला होता. मनगटापर्यंत लाल झाला होता. ब्रश एकच होता आणि तो गुड्डीकडे होता.

"धरून बसला हाये," मी म्हणालो. "लय वेळचा."

मग मी विचारलं, "बोलावू का तिले?"

"नको जी. काम सुरू हाये तिचं. मी करीन मंग फोन." आणि त्यांनी फोन ठेवला.

"काय म्हणत होत्या मॅडम?" गुड्डीनं मान वर न करताच विचारलं.

"काई नाई. तुहं काम सुरू हाये म्हणे."

"हायेच," ती म्हणाली, आणि तिनं ब्रश पुन्हा लाल रंगात बुडवला.